दिव्यांग विद्यार्थ्यांचे मूल्यमापन : निदान, भाषा आणि परीक्षा

प्रस्तावना

विशेष शिक्षणात 'मूल्यमापन' ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी योजली जाते. विद्यार्थ्याची अडचण कोणती व तिला कोणते साहाय्य हवे, याचा शोध हा पहिला अर्थ होय. त्याने किती आत्मसात केले याची परीक्षा हा दुसरा. पहिले मूल्यमापन झालेच नाही, तर दुसऱ्यात मिळणारे गुण ज्ञानाऐवजी अक्षमतेचे मोजमाप ठरतात. प्रस्तुत लेखात हा संबंध भिवंडीसारख्या बहुभाषिक यंत्रमाग-नगरीच्या संदर्भात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

१९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले व विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांचा त्यांत समावेश झाला. कलम १६ नुसार अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे व त्यावर योग्य अध्यापनविषयक उपाय योजणे, ही बाब शिक्षणसंस्थांच्या कर्तव्यांत येते. कलम १७ मध्ये वाढीव वेळ व लेखनिक यांसारख्या परीक्षाविषयक बदलांचा उल्लेख आहे. अर्थात ही सवलत कृपा नसून हक्क आहे.

निदानाची साधने आणि भाषेचा प्रश्न

बुद्धिमापनाच्या भारतीय परंपरेत मराठीला मानाचे स्थान आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी अनुकूलन केले. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नागपूर येथे डॉ. मालिन यांनी वेक्स्लर यांच्या बालक-चाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले. या प्रयत्नांमागील तत्त्व एकच होते : परक्या भाषेत घेतलेली चाचणी बुद्धी मोजत नाही, भाषेचा परिचय मोजते.

हे तत्त्व भिवंडीत विशेष महत्त्वाचे ठरते. येथे मराठी व उर्दू भाषक कुटुंबांबरोबरच उत्तर प्रदेशातून आलेले भोजपुरी-अवधी बोलणारे कामगार आणि तेलुगू भाषक पद्मशाली विणकर राहतात. घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि महाविद्यालयाची तिसरी, अशी अनेकांची स्थिती असते. उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. त्यामुळे उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने देवनागरीत मात्रा गाळल्या, तर ती अक्षमता नसून लिपीची सवय असू शकते. याउलट शिकलेल्या प्रत्येक भाषेत वाचन अडखळत असेल, तर तपासणी आवश्यक ठरते. गावी जाण्यामुळे शिक्षणात पडलेला खंडही वेगळा काढून पाहावा लागतो. पुरेशा अध्यापनाअभावी राहिलेली उणीव ही अध्ययन अक्षमता नव्हे.

परीक्षेतील मूल्यमापन

२९ ऑगस्ट २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ निश्चित करण्यात आला. पुढे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सुविधा ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानुसार १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व व लेखनात अडचण असणाऱ्यांसाठीही तत्त्वे जाहीर झाली.

सवलतीमुळे इतरांवर अन्याय होतो, हा आक्षेप शिक्षककक्षात वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर मापनाच्या हेतूत आहे. अर्थशास्त्राच्या प्रश्नात संकल्पनेचे आकलन मोजायचे असते, लेखनाचा वेग नव्हे; म्हणून वेगाचा अडसर दूर केल्याने मापन अधिक अचूक होते. मात्र जेथे शुद्धलेखन हाच परीक्षेचा विषय आहे, तेथे निकष वेगळा राहील.

येथे स्वतःची चूक नमूद करणे उचित वाटते. काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेत अक्षरांची अदलाबदल असलेल्या एका अपूर्ण उत्तरपत्रिकेला प्रस्तुत लेखकाने अनुत्तीर्ण ठरविले. निकालानंतर त्याच विद्यार्थ्याने मागणीची लवचिकता तोंडी समजावून दिली : सुताचा भाव चढला तरी ग्रे कापडाचा भाव लगेच का वाढविता येत नाही, ग्राहक कोठे वळतो, माग का थांबतात. उदाहरण त्याच्या घरातले होते आणि विवेचन निर्दोष. शालेय जीवनात त्याची तपासणी कोणीही सुचविली नव्हती. लेखकानेही उत्तरपत्रिका तपासली, विद्यार्थी पाहिला नाही.

शिक्षकाची भूमिका

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे; ते चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व वैद्यकीय तज्ज्ञांचे आहे. शिक्षकाने पुढील गोष्टी मात्र कराव्यात :

१. तोंडी व लेखी कामगिरीत सातत्याने मोठी तफावत आढळल्यास तिची नोंद ठेवावी व सहकाऱ्यांच्या निरीक्षणाशी ती पडताळून पाहावी.
२. विद्यार्थ्याशी एकांतात बोलून त्याची भाषिक व शालेय पार्श्वभूमी जाणून घ्यावी.
३. त्याच्या संमतीने तज्ज्ञांकडे पाठवावे आणि माहिती गोपनीय ठेवावी.
४. प्रश्नपत्रिका काढताना प्रत्येक प्रश्न नेमके काय मोजतो, हे आधी ठरवावे.

समारोप

दिव्यांग विद्यार्थ्याचे मूल्यमापन म्हणजे निकष शिथिल करणे नव्हे, तर निकष नेमका करणे होय. शालेय स्तरावर निसटलेला विद्यार्थी महाविद्यालयात आपल्यासमोर येतो, तेव्हा त्याला ओळखण्याची ती कदाचित शेवटची संधी असते. ती साधण्यासाठी पहिली गरज आहे ती सजग शिक्षकाची.