नऊवारी आणि चेनकव्हर

तमिळनाडूत मोटारशर्यतींचा विषय निघाला की कोईमतूर आणि चेन्नईचं नाव येतं, तंजावरचं येत नाही. तरीही रेसिंग कार्टला चेनगार्ड आणि क्लचगार्ड कसं निवडावं, या प्रश्नाचं उत्तर मला कावेरीच्या भातशेतांत सापडतं. उघडी फिरणारी साखळी आणि तिच्याजवळ वावरणारं सैल कापड, ही गाठ तिथे हंगामभर पडते.

कापडापासूनच सुरुवात करू. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरात मुरलेली मराठी घराणी आणि त्यांच्या शेजारची तमिळ ब्राह्मण घरं, दोघांकडे सणासुदीला नऊ वारांचं लुगडं. तमिळ पद्धतीचं ते मडिसार. नऊ वार म्हणजे सुमारे 8.2 मीटर. आता साध्या फोर-स्ट्रोक कार्टचं इंजिन बघा. मिनिटाला 3600 फेरे म्हणजे सेकंदाला 60. क्लचला 12 दात आणि चेनच्या दोन कड्यांमधलं अंतर 9.525 मिलिमीटर धरलं, तर चेन सेकंदाला जवळजवळ सात मीटर पळते. पदराचं टोक एकदा दातांत गेलं की अख्खी नऊवारी सव्वा सेकंदात आत. हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात कापड त्याआधीच आवळतं, आणि आवळतं ते अंगावर असतानाच.

लुगडं नेसून कार्ट कोण चालवणार, असं कुणी विचारेल. बरोबर आहे, पण केस तर सगळ्यांनाच असतात. 2018 मध्ये हरियाणातल्या पिंजोरला आणि 2020 मध्ये हैदराबादला हौसेने कार्टमध्ये बसलेल्या दोन तरुण स्त्रियांचा केस अडकून मृत्यू झाला. कार्टला डिफरेन्शियल नसतो, मागचा आस अखंड फिरतो. म्हणून नुसतं चेनकव्हर बघून भागत नाही. भाड्याच्या कार्टमध्ये आस, चाकं आणि इंजिन हे सगळंच झाकलेलं हवं. आपल्याकडे मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जे साडीगार्ड असतं, ते 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतून आलं. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाका, असं तो नियम सांगतो. शर्यतीच्या गाडीला तो लागू नाही, पण त्यामागची अक्कल लागू आहे.

आता क्लच. कार्टचा सेंट्रिफ्युगल क्लच म्हणजे एक डबा आणि त्यात स्प्रिंगने आवळून धरलेल्या पट्ट्या. इंजिनाचा वेग साधारण दोन हजार फेऱ्यांच्या आसपास गेला की पट्ट्या बाहेर फेकल्या जाऊन डब्याला चिकटतात. वळणावर वेग उतरला की त्या घसरतात आणि डबा तापतो. हे सगळं चालकाच्या उजव्या कोपरापासून वीतभर अंतरावर. गार्ड नसेल तर कोपर भाजेल. आणि गार्ड पूर्ण बंद डब्यासारखं केलं तर क्लच आतल्या आत भाजेल. म्हणून भोकं पाडलेला पत्रा. भोकं किती मोठी, याचा हिशेब यंत्रसुरक्षेच्या मानकांत आहे. 8 ते 10 मिलिमीटरची लांबट फट असेल तर फिरता भाग तिच्यापासून 80 मिलिमीटर आत हवा. तेवढंच गोल भोक असेल तर 20 पुरतात. फटीतून बोट सरकत आत जातं, गोल भोकात पेराशी अडतं. तेव्हा दुकानात सुंदर लांबट खाचांचं गार्ड दाखवलं तर मी ते बाजूला ठेवीन.

मळणी यंत्राला हे शहाणपण कायद्याने शिकवावं लागलं. हरितक्रांतीत थ्रेशर गावोगाव पोचले आणि पेंढी आत सारणारे हात तुटू लागले, तेव्हा 1983 मध्ये घातक यंत्रांचा कायदा आला. भारतीय मानकांत पेंढी सारायची पन्हळ किमान 900 मिलिमीटर लांब आणि निम्मी झाकलेली ठरली, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचूच नये. त्याआधी 1948 च्या कारखाने कायद्याने चालत्या यंत्राजवळ फक्त प्रशिक्षित पुरुषाला, तेही अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांत, जायची मुभा दिली होती. शेत हा कारखाना नव्हे, त्यामुळे ती भिंत बांधापाशीच संपते.

आणि मग येतो चिखल. त्रिभुज प्रदेशात कुरुवै हंगामाचं भात कापणीला येतं तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस दाराशी उभा असतो. पट्ट्यावर चालणारा हार्वेस्टर ओल्या शेतात उतरतो, भिजलेलं तण साखळीत गुंडाळतं, यंत्र गुदमरतं. बाजूचं कव्हर काढा, तण उपसा, कव्हर बसवा. तासाभरात पुन्हा तेच. भाडं तासावर चालू असतं. तिसऱ्या खेपेला कव्हर बांधावर राहतं आणि त्याचे बोल्ट चिखलात. त्यात चालकाचा निष्काळजीपणा मला फारसा दिसत नाही. ज्याने ते कव्हर सहा बोल्टांनी बांधलं, त्याने शेत पाहिलेलं नसतं, एवढंच.

युरोपच्या 2006 च्या यंत्रनियमांत या जागी एक नेमकी अट आहे: गार्ड काढलं तरी त्याचे बोल्ट गार्डला किंवा यंत्राला अडकलेलेच राहिले पाहिजेत, आणि शक्य तिथे बोल्टांशिवाय गार्ड जागेवर टिकताच कामा नये. कार्टवाल्याने पहिल्यांदा हे तपासावं. चेनला दर फेरीनंतर तेल लागतं. ट्रॅक बदलला की मागचं दातेरी चाक बदलतं, इंजिन पुढे-मागे सरकतं. फ्रेमला ठोकलेलं गार्ड तेव्हा जागीच राहतं आणि चेन त्याला घासू लागते. इंजिनाला बांधलेलं गार्ड क्लचबरोबर सरकतं. म्हणून क्लचचं गार्ड इंजिनावर आणि मागच्या चाकाचं आसाच्या बाजूला, असे दोन तुकडे मला बरे वाटतात. मोठ्यात मोठं चाक बसवून, चेनला नेहमीचा सैलपणा देऊन, हाताने आस एक पूर्ण फेरा फिरवायचा. घासल्याचा आवाज आला तर पत्रा परत करायचा, वाकवून घ्यायचा नाही. वाकवलेला पत्रा थरथरून पहिल्या भोकापाशीच चिरतो.

वजनाची कुरकूर होणारच, कारण शर्यतीत किलोकिलोचा हिशेब असतो. ॲल्युमिनियमचा दोन मिलिमीटरचा पत्रा त्यावर बरी तडजोड आहे. प्लॅस्टिकचं हलकं गार्ड कापड अडवतं. तुटून चाबकासारखी उलटलेली चेन अडवेल यावर माझा भरवसा नाही. आणि बांधावर पडलेलं कव्हर कितीही मजबूत असलं तरी काय कामाचं, हे ओल्या पेंढ्या उचलणाऱ्या, कंबरेला पदर खोचलेल्या बाईला विचारावं.