केसांआडची सदाको

टीव्हीच्या पडद्यातून सदाको यामामुरा हिचं भूत सरपटत बाहेर आलं ते १९९८ मध्ये, हिदेओ नाकाता यांच्या 'रिंगू' चित्रपटात. कोजी सुझुकी यांच्या १९९१च्या मूळ कादंबरीत हा प्रसंगच नाही. कोजिरो नागाई यांनी १९९६ मध्ये त्या कादंबरीवरून मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढली, तेव्हा आज सगळ्यांना ठाऊक असलेली सदाको अजून घडायची होती. नाकातांनी रिए इनो हिला मागे मागे चालायला लावलं आणि ते चित्रण उलटं फिरवलं. त्यामुळे ती पुढे येते, पण तिची चाल माणसाची वाटत नाही. चेहरा केसांआडच. दिसतो तो एक डोळा.

आता हे कागदावर कसं उतरवायचं? तिथे ना चाल, ना आवाज. मिसाओ इनागाकी यांनी १९९९ मध्ये चित्रपटाची मांगा केली, पण चित्रपट पाहिलेल्याला ती फारशी दचकवत नाही. मांगाची सगळी भिस्त चेहऱ्यांवर, आणि इथे नायिकाच तोंड लपवून बसलेली!

वाट सापडली ती तिच्या पूर्वायुष्यात. त्याच वर्षी सुझुकींचा 'बर्थडे' हा कथासंग्रह आला. त्यात सदाको नाटक मंडळीतली होतकरू नटी आहे आणि तिथला ध्वनियोजक तोयामा तिच्यात गुंतलेला. २०००च्या 'रिंग ०'मध्ये युकिए नाकामाने ही सदाको उभी केली. मांगात ती मेइमू यांनी रेखाटली. इथे मात्र केस बाजूला सारावेच लागले.

तिच्या पूर्वायुष्यात तिची आई शिझुकोही आहे. पत्रकारांसमोर अतींद्रिय शक्तीचा प्रयोग करताना तिची जी शोभा होते, ती निव्वळ कल्पना नव्हे. टोकियोचे प्राध्यापक फुकुराई यांनी १९१०च्या सुमारास चिझुको मिफुने हिच्यावर असे प्रयोग केले होते. फसवणुकीचे आरोप झाले, आणि १९११ मध्ये चिझुकोने विष घेतलं. सदाकोला ज्या विहिरीत ढकललं जातं, तिच्यापेक्षा मला हा भाग जास्त भयानक वाटतो.

गेल्या दशकाच्या अखेरीस कोमा नात्सुमी यांनी आपल्या मांगात सदाकोला उजाड झालेल्या जगात आणलं. तिथे दोन मुली तिची शापित व्हिडिओ टेप पाहतात आणि ती बाहेर येताच चक्क खूश होतात. गंमत आहे खरी, आणि वाचायला गोडही. पण मेइमूंच्या सदाकोला निदान कुणीतरी घाबरत होतं.