हाताला पाठ झालेले कॉकपिट

लढाऊ विमानाचे घरगुती कॉकपिट म्हणजे वैमानिकाचे आसन, उड्डाणदांडी, थ्रॉटल, पेडल, खटके, घुंड्या आणि तबकड्या यांची खऱ्या विमानाच्या मापात केलेली मांडणी. विमान उडते ते शेजारच्या संगणकात. ‘डीसीएस वर्ल्ड’ किंवा १९९८मधल्या ‘फाल्कन ४.०’वर उभे राहिलेले ‘फाल्कन बीएमएस’ ही सिम्युलेटर सॉफ्टवेअर विमानाची विद्युत, इंधन, रडार आणि शस्त्रयंत्रणा खटक्यागणिक वठवतात. एफ-१६चे इंजिन सुरू करायचे तर आधी बॅटरीचा खटका, मग स्टार्टरचा आणि इंजिनाचे फेरे २० टक्क्यांवर पोचल्यावर थ्रॉटल ‘आयडल’वर, हा क्रम पाळावाच लागतो.

हे सगळे माउसनेही करता येते. पण त्यासाठी पडद्यावर आधी खटका शोधावा लागतो आणि मग बाण त्यावर नेऊन टिचकी मारावी लागते. खऱ्या वैमानिकाचे डोळे बाहेर आकाशात असतात आणि हात आपणहून खटक्यापर्यंत जातो. आपला हात कुठे आहे हे माणसाला न बघताही कळते, कारण स्नायू आणि सांध्यांमधल्या संवेदकांकडून मेंदूला तशी खबर सतत मिळत असते. वस्तू दर वेळी त्याच जागी सापडली, की सरावाने ती जागा हाताला पाठ होते. घरगुती कॉकपिटचे सारे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते.

निळ्या पेटीपासून सुरुवात

जमिनीवर बसून उड्डाण शिकवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात वाढलेल्या एडविन लिंक याने १९२९ साली ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून डोलणारे छोटे विमान तयार केले. १९३४ साली टपाल वाहून नेताना खराब हवेत लष्करी वैमानिक दगावले, तेव्हा अमेरिकी सैन्याने अशी ६ यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात ‘लिंक ट्रेनर’ची ही निळी पेटी हजारो वैमानिकांची शाळा झाली.

त्याच युद्धात दुसरा धडा मिळाला. बी-१७ बॉम्बफेकी विमान उतरवल्यावर काही वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच वर घेत. दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे होते. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यांनी चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची, तर फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ बसवायला सुचवले. पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी नियंत्रणे हाताळतानाच्या ४६० चुकांचे विश्लेषण केले आणि अशा चुकांचे मूळ बऱ्याचदा रचनेत असल्याचे दाखवून दिले. एफ-१६मध्येही चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी असते. घरी कॉकपिट बांधणाऱ्याने तिच्याऐवजी साध्या बटणावर भागवले, तर रंगरूप कितीही हुबेहूब असले तरी हाताची खूण हरवते.

एकच विमान, एकच माप

पहिला निर्णय विमानाचा. एफ-१६ची दांडी उजव्या हाताशी बाजूच्या फलकावर असते आणि पाठ ३० अंश मागे कललेली असते. एफ/ए-१८मध्ये दांडी दोन्ही पायांच्या मध्ये येते. डीसीएसमध्ये मिग-२१ बिस हे विमानही आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमाने बनली आणि भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्यांना निरोप दिला. या विमानाचे कॉकपिट निळसर हिरव्या रंगाचे आणि काट्यांच्या तबकड्यांनी भरलेले असते. एकाच सांगाड्यात दोन विमाने बसवायला गेले, की कुठल्याच विमानाची जागा हाताला पाठ होत नाही.

आखणीची सुरुवात वैमानिकाच्या डोळ्यापासून होते. खऱ्या विमानाचे कॉकपिटही डोळ्याचा एक बिंदू ठरवून त्याभोवती आखलेले असते. त्या बिंदूपासून आसनाची उंची, पुढच्या फलकाचे अंतर आणि बाजूच्या फलकांची पातळी ठरते. पाश्चात्त्य विमानांत बाजूच्या फलकांची प्रमाणित रुंदी ५.७५ इंच, म्हणजे १४६ मिलिमीटर असते आणि ते पाव फेऱ्यात उघडणाऱ्या स्क्रूंनी पट्टीवर बसतात. घरीही अशा दोन समांतर पट्ट्या बसवल्या, तर एकेक फलक स्वतंत्र बनवता येतो आणि बिघडल्यास तेवढाच बाहेर काढता येतो. सांगाड्याला प्लायवूड किंवा एमडीएफ पुरते; दांडी आणि पेडलांखालचा भाग मात्र भक्कम लागतो, कारण जोर तिथेच येतो.

दांडी आणि थ्रॉटल

लढाऊ विमानात सर्वांत जास्त वापरली जाणारी बटणे दांडीवर आणि थ्रॉटलवरच असतात. त्यामुळे लढाई चालू असताना हात तिथून उचलावा लागत नाही. या रचनेला ‘होटास’ म्हणतात. स्वस्त जॉयस्टिकमध्ये दांडीचा कोन पोटेन्शिओमीटरने मोजतात. त्यात पट्टीवर घासणारा स्पर्शक कालांतराने झिजतो आणि दांडी स्थिर असतानाही विमान थरथरते. चांगल्या दांड्यांत हॉल संवेदक असतो. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामानुसार, विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबकीय क्षेत्र आणले की पट्टीच्या कडांमध्ये व्होल्टेज निर्माण होते. दांडीला लावलेले चुंबक फिरले की ते व्होल्टेज बदलते. काहीच घासत नाही, म्हणून काही झिजतही नाही.

मधल्या दांडीच्या विमानासाठी हौशी मंडळी दांडीची लांबी वाढवतात. २० सेंटिमीटरची दांडी २० अंश झुकवली तर मूठ सुमारे ७ सेंटिमीटर सरकते. ४० सेंटिमीटरची दांडी तेवढ्याच कोनात सुमारे १४ सेंटिमीटर सरकते. म्हणजे हाताची तीच थरथर लांब दांडीवर निम्मीच उमटते. मात्र मुठीला जाणवणारा स्प्रिंगचा जोरही निम्मा होतो, म्हणून अधिक कडक स्प्रिंग लागते. एफ-१६ची दांडी याहून निराळी आहे. ती जेमतेम हलते आणि विमानाला कळतो तो हाताचा दाब. तिची नक्कल करायला ताण मोजणारे संवेदक वापरावे लागतात.

खटक्यांची जाळी

एका कॉकपिटमध्ये शंभराहून अधिक खटके सहज होतात. ते संगणकाला जोडण्यासाठी आर्डुइनोसारख्या मायक्रोकंट्रोलर पाट्या वापरतात. प्रत्येक खटक्याला वेगळी पिन देणे परवडत नाही. म्हणून ८ आडव्या आणि ८ उभ्या तारांची जाळी करून तिच्या ६४ छेदबिंदूंवर खटके बसवतात. त्याला १६ पिना पुरतात. पाटी एकेक आडवी तार आळीपाळीने जागी करते आणि कोणत्या उभ्या तारेवर संकेत आला ते पाहते.

या जाळीत एक फसगत असते. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरचे खटके एकाच वेळी चालू असले, तर प्रवाह आडवाटेने फिरून येतो आणि चौथाही चालू असल्याचा भास होतो. कीबोर्डवर हे क्वचित घडते, कारण कळ दाबून लगेच सोडली जाते. कॉकपिटमधले खटके मात्र उड्डाणभर चालूच राहतात. म्हणून इथे प्रत्येक खटक्यासोबत प्रवाह एकाच दिशेने सोडणारा डायोड लावणे आवश्यक ठरते. शिवाय खटका टाकताना त्यातला धातूचा पत्रा काही मिलिसेकंद थडथडतो आणि एकाच टाकण्याचे अनेक संकेत जातात. तेवढा काळ थांबून मगच नोंद घेण्याची सूचना प्रोग्राममध्ये द्यावी लागते.

दुतर्फा संवाद

संगणकाने पाटीला जॉयस्टिक समजावे अशी सोय केली, की खटक्यांचा निरोप सिम्युलेटरपर्यंत पोचतो. दिवे लागायला आणि काटे फिरायला निरोप उलटही यावा लागतो. डीसीएससाठी ‘डीसीएस-बायोस’ हे मुक्त सॉफ्टवेअर कॉकपिटची स्थिती सेकंदाला ३० वेळा बाहेर पाठवते. चाके खाली येत असताना त्यांच्या मुठीतला लाल दिवा त्यामुळेच लागतो. तबकडीचा काटा मोटारींच्या डॅशबोर्डमधल्या छोट्या स्टेपर मोटरने फिरवता येतो. या मोटरला आपली जागा ठाऊक नसते, म्हणून सुरुवातीला काटा शून्याच्या अडसराला टेकवून घ्यावा लागतो.

आणखी एक अडचण सुरुवातीलाच येते. खरा खटका ‘चालू’वर आणि सिम्युलेटरमधला ‘बंद’वर असला, तर दोघांचा मेळ बसत नाही. म्हणून उड्डाण सुरू करण्यापूर्वी सर्व खटके ठरलेल्या जागी आणण्याची शिस्त पाळावी लागते. खरा वैमानिकही विमानात बसल्यावर हेच करतो.

दिव्यांचा हिशेब आधी मांडावा. ५ व्होल्टवर २ व्होल्टच्या एलईडीला २० मिलिअँपिअर द्यायचे, तर १५० ओहमचा रोधक लागतो. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. म्हणजे २५ एलईडीतच तो संपतो. फलकांना वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा आणि घरातली २३० व्होल्टची वीज फलकांत कुठेही आणू नये. फलकांवरची प्रकाशमान अक्षरे अर्धपारदर्शक ॲक्रिलिकवर आधी पांढरा, मग काळा रंग देऊन आणि लेसरने काळा थर कोरून मिळतात.

डोळे आणि कान

दृश्यासाठी दोन वाटा आहेत. एकीत मोठा पडदा आणि डोक्याची हालचाल टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा असतो. दुसरीत आभासी वास्तवाचा चष्मा. चष्म्यात अंतराची जाणीव उत्तम होते, पण स्वतःचे हात दिसत नाहीत. तिथे जागा पाठ झालेल्या हाताचा खरा कस लागतो.

वेगातल्या बदलाची जाणीव कानाच्या आतले अवयव करून देतात. शरीर मागे कलले की पुढे जोराने ढकलले गेले, हा फरक त्यांना एकट्याने कळत नाही. सहा पायांवर हलणारे व्यावसायिक सिम्युलेटर याचाच उपयोग करून घेतात. मात्र लढाऊ विमानातला दीर्घकाळ टिकणारा ९ जीपर्यंतचा भार असा निर्माण होत नाही. घरी आसनाखाली कंपन देणारे ध्वनियंत्र बसवले, तर तोफेचा धक्का आणि वेग घटल्यावर पंखांवरून सुटणाऱ्या हवेची थरथर पाठीला कळते.

बांधणीचा क्रम यातूनच ठरतो. आधी आसन, दांडी, थ्रॉटल आणि पेडल. मग विमानाची माहिती दाखवणारे, २० बटणांच्या चौकटीतले पडदे. त्यानंतर उड्डाणात न बघता वापरले जाणारे खटके. शेवटी काटे, दिवे आणि रंग. पुठ्ठ्यावर काढलेला पण अचूक जागी बसवलेला फलक, चुकीच्या जागी बसवलेल्या हुबेहूब फलकापेक्षा अधिक शिकवतो.