कोशाचा पतंग आणि प्रवासी फुलपांखरूं

ऐन व अर्जुन या वृक्षांवर पोसणारा टसरचा पतंग भंडारा, गडचिरोलीकडील कोसा-उत्पादकांस सुपरिचित आहे. मादीचे पंख पसरले असतां रुंदी सुमारें १५ सेंटिमीटर भरते. परंतु एवढ्या थोरल्या जीवास खाण्याजोगें तोंडच नसतें! अळीदशेंत महिनाभर पानें खाऊन जें सांठविलें, त्यावरच आठवडाभराचें आयुष्य काढावयाचें. आम्हां दप्तरी माणसांच्या भाषेंत सारा खर्च मागील शिलकेवर, नवी जमा नाहीं. पावसाळ्याअखेरच्या कोशांतील जीव तर हिंवाळा व उन्हाळा आंतच निजून काढतो आणि पाऊस सुरू झाल्यावर बाहेर पडतो. अर्थात् ऋतु प्रतिकूल झाला म्हणून तो स्थान सोडीत नाहीं. ऐन-अर्जुन तुटले कीं त्याचा आधारच गेला.

काळ्या पंखांवर फिकट निळे पट्टे असलेल्या फुलपांखराची तऱ्हा निराळी. दक्षिण भारतांत पावसाळ्याच्या तोंडीं यांचे थवे सह्याद्रि सोडून पूर्वेकडे जातात व पावसाळ्यानंतर परततात. वाटेंत फुलांतील मध हीच यांची शिदोरी. अळी रुईच्या वर्गांतील वेलींवर वाढते.

बांधावरील खुळखुळा, भुरुंडी यांच्या वाळल्या झाडांस हीं फुलपांखरें लगडलेलीं पाहून 'कीड आली' म्हणून औषध फवारणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. वस्तुतः नर तेथें मादीस रिझविणाऱ्या गंधासाठीं लागणारीं द्रव्यें शोषून घेत असतो. पिकाचें पान तो कुरतडणार कशानें? त्याच्यापाशीं केवळ एक सोंड आहे.