वेगवेगळ्या झेंड्यांखालच्या बायका

१९७२ साली धान्य, तेल, रॉकेल सारेच महागले आणि रेशनच्या रांगेत तासन् तास उभे राहूनही पिशवी रिकामीच परतू लागली, तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी एका मंचावर आल्या. अहिल्याताई आणि ताराताई कम्युनिस्ट पक्षाच्या १९६४च्या फुटीनंतर वेगवेगळ्या पक्षांत होत्या. लाटणी आणि थाळ्या वाजवत निघालेल्या गृहिणींना त्या तात्त्विक भांडणाशी देणेघेणे नव्हते. त्यांना रास्त दरात तेल हवे होते. पुढाऱ्यांनी त्यांचे ऐकले, हेच मला त्या आघाडीचे सर्वांत मोठे यश वाटते.

मृणालताई त्याच वर्षी विधानसभेत गेल्या आणि १९७७ साली त्या आणि अहिल्याताई मुंबईतूनच लोकसभेवर निवडून आल्या. मधल्या आणीबाणीत मात्र हे सहकार्य कसाला लागले. या दोघी तुरुंगात होत्या आणि ताराताईंचा पक्ष सरकारच्या बाजूने उभा होता. एकत्र लढण्यालाही मर्यादा असतात, त्या झाकून त्याचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

पुढे गर्भलिंगनिदानाविरुद्ध स्त्री संघटनांनी मुंबईत मोहीम उभारली. मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणले आणि १९८८ साली महाराष्ट्राने या चाचण्यांवर नियंत्रण आणणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडले. बाहेरची चळवळ आणि आतली आमदार यांची गाठ पक्की असली की विरोधी बाकावरूनही कायदा घडवता येतो.

महिला आरक्षणाची वाट याहून खडतर निघाली. १९९६च्या विधेयकावरील संयुक्त समितीच्या अध्यक्ष होत्या कम्युनिस्ट खासदार गीता मुखर्जी. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने १८६ विरुद्ध १ मतांनी विधेयक मंजूर केले, तेव्हा भाजपच्या सुषमा स्वराज आणि मार्क्सवादी वृंदा करात यांना एकमेकींचे अभिनंदन करताना देशाने पाहिले. लोकसभेत ते मतदानालाच आले नाही. दोष या बायकांच्या एकीचा नव्हता. मतदानाची वेळ ठरवणारे बहुतेक पुरुष होते. २०२३ साली अखेर १०६वी घटनादुरुस्ती झाली, तीही जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेच्या अटीला बांधून.

महाराष्ट्रात तर स्थिती अधिकच बिकट आहे. २०२४ साली २८८ जणांच्या विधानसभेत केवळ २१ महिला निवडून आल्या. इतक्या थोड्या जणींना एकमेकींची गरज अधिक असायला हवी, पण तिकीट आणि पक्षादेश यांच्या कात्रीत पक्षापलीकडे हात पुढे करणे जोखमीचे झाले आहे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : सर्वपक्षीय महिला आमदारांचे कायमस्वरूपी व्यासपीठ हवे आणि त्याला बाहेरच्या संघटनांची साथ हवी. आमदार भेटतील तेव्हा वाचकांनी एवढेच विचारावे : गेल्या वर्षात दुसऱ्या पक्षाच्या कोणत्या महिला सदस्याबरोबर, कोणत्या प्रश्नावर तुम्ही काम केलेत?