तापीपलीकडचे मास्तर : केशवसुत

दीपनगरच्या वसाहतीतून तापी ओलांडून फैजपुरास जाताना मला दरवेळी कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांचे स्मरण होते. कारण कोकणातील मालगुंडचा हा कवी मुंबईच्या प्लेगमुळे खानदेशात आला, प्रथम भडगावी अध्यापक झाला आणि १९०१ साली फैजपूरच्या अँग्लो-मराठी शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झाला. इंग्रजी सुनीताचा चौदा ओळींचा बंध १८९२ साली मराठीत रुजविणारी प्रतिभा या परमुलखात, लेवा गणबोली ज्यांच्या घरोघरी बोलली जाते अशा मुलांच्या संगतीत, तीन वर्षे नांदली, हे खानदेशाचे केवढे भाग्य! १९०४ साली बदलीचा हुकूम झाला तो धारवाडच्या हायस्कुलात, मराठी शिकविण्यासाठी. आणि १९०५च्या नोव्हेंबरात हुबळीस प्लेगनेच त्यांना गाठले.