होडी निघाली हायवेने!

भिवंडीत राहणाऱ्याला ट्रेलर काय समजावून सांगायचा? मानकोली नाक्यावर पाच मिनिटं उभे राहा, डझनभर दिसतील. पण कंटेनरऐवजी मागे शिडाची होडी असेल तर? होडी हलकी, म्हणजे काम सोपं, असं आपल्याला वाटतं. घोळ तिथेच होतो.

१९८२ च्या एशियाडमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या होत्या. त्यात फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवलं. फायरबॉल म्हणजे सुमारे ५ मीटर लांबीची, दोघांनी चालवायची होडी. सामानासकट तिचं वजन १०० किलो धरू, ट्रेलरचं आणखी १०० किलो. समजा, ती कारमागे लावून मुंबईहून नाशिकच्या गंगापूर धरणावर न्यायची आहे. म्हणजे आपल्याच हायवेवरून, पुढे कसारा घाट चढून.

आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार कारच्या हुकावर यायला हवा, म्हणजे इथे २० किलो. अॅक्सलपासून हुक ३ मीटरवर असेल, तर मोमेंट घेऊन बघा : गुरुत्वमध्य अॅक्सलच्या ३० सेंमी पुढे हवा. आता दोरी सैल पडून होडी फक्त ६० सेंमी मागे घसरली, तर एकूण गुरुत्वमध्य ३० सेंमी मागे येतो, बरोबर अॅक्सलवर. हुकावरचा भार शून्य! मग वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो, आणि शेजारून एखादा बाइकवाला चाललेला असतो.

म्हणून निघण्यापूर्वी ट्रेलर आडवा समतल ठेवून कपलिंगखाली घरातला वजनकाटा ठेवा आणि भार मोजा. होडीचं पुढचं टोक ट्रेलरच्या खांबाला घट्ट बांधा, मागच्या बाजूला वेगळा पट्टा लावा. सेफ्टी चेन हुकाखालून क्रॉस करून अडकवा. कपलिंग निसटलं तर ते रस्त्यावर न आपटता चेनवर पडतं. डोलकाठी उतरवून आडवी बांधा. उभी ठेवली तर वरच्या विजेच्या तारा आहेतच! आडवी केली की ती होडीच्या मागे बाहेर येते, म्हणून टोकाला लाल फडकं हवं. ट्रेलरचे ब्रेकलाइट आणि इंडिकेटर लागतात ना, तेही बघा.

दहा-पंधरा किलोमीटरनंतर एकदा थांबून पट्टे ओढून बघा, खड्ड्यांनी ते हमखास सैल होतात. ट्रेलर डुलायला लागलाच तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

आणि धरणावर पोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात ढकलू नका. तापलेलं बेअरिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचलं जातं. ग्रीस खराब होतं, गंज चढतो. तेव्हा आधी एक कटिंग चहा घ्या. तेवढ्यात बेअरिंग निवतं, आणि आपणही!